एका पंगतीचा महाराष्ट्र दिन

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



महाराष्ट्र दिनाच्या कौटुंबिक आठवणी सांगाव्यात, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली आहे. विषय गोड आहे. परंतु माझ्या आठवणींत एक कडू घोटही आहे. तो वगळून बोलणे मला प्रशस्त वाटत नाही.

१ मे १९६० रोजी, रविवारी, महाराष्ट्र राज्य जन्मास आले, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. औंढा नागनाथजवळचे आमचे गाव त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. आपण मराठवाड्याचे लोक मात्र निजामाच्या अमलातून सुटलो ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी. पुढेही १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो. आजोबांचे शिक्षण उर्दूत झाले होते. घरच्या जमिनीचे कागदही उर्दूतच होते. त्या भाषेवर त्यांचा राग नव्हता, कित्येक शेर त्यांना मुखोद्गत होते. परंतु साध्या शेतकऱ्याला कचेरीत आपल्या बोलीत गाऱ्हाणे मांडता यावे, ही त्यांची आयुष्यभराची आस होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण वेचले, हे सांगताना त्यांचा कंठ दाटून येई.

त्या सकाळी आजीने दारी सडा-रांगोळी केली. आजोबांनी धुतलेले धोतर नेसून आम्हा मुलांना शाळेच्या पटांगणात नेले. ध्वजवंदनाच्या वेळी आमच्या सालगड्याचा मुलगा माझ्या शेजारी उभा होता. वर्गातही आम्ही जवळ बसत असू. घरी परतलो तो आमरस-पोळीचा बेत तयार होता. आमची पाने ओसरीवर मांडली होती. त्या मुलाचे आणि त्याच्या आईवडिलांचे पान गोठ्याजवळ होते. मी विचारले, “आजोबा, झेंड्याजवळ तो माझ्या शेजारी होता, मग येथे का नाही?”

आजी म्हणाली, “जेवताना बोलू नये.” आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी वाटीतला रस तसाच ठेवला व हात धुतला.

मंडळी, औंढ्याची आख्यायिका आपणा सर्वांना ठाऊक आहे. आपल्याच नर्सीचे नामदेव महाराज कीर्तनास उभे राहिले; त्यांना देवळाच्या मागील बाजूस जावयास सांगितले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. आजोबा ही कथा आम्हांस कितीदा तरी सांगत. त्या दिवसानंतर वर्षभर त्यांनी ती सांगितली नाही.

१९६१ च्या १ मेला त्यांनी आजीला इतकेच सांगितले, “आज सर्व पाने ओसरीवर, एका ओळीत.” आजी रडली. जमलेल्यांपैकी तिघे आप्त न जेवता उठून गेले. पुढे दोन वर्षे त्यांनी आमच्या दारी पाऊल टाकले नाही. सालगडीही संकोचाने उंबऱ्यावरच थबकला. आजोबांनी त्याचा हात धरून त्यास पाटावर बसविले. अखेर आजीने पदर खोचला आणि त्या मुलाच्या पानात पहिली पोळी स्वतः वाढली. हे सोपे नव्हते. आजीच्या मनाला काय सोसावे लागले असेल, ते मला फार उशिरा कळले.

तेव्हापासून आमच्या घरचा महाराष्ट्र दिन म्हणजे एक पंगत. १ मे १९९९ रोजी परभणीपासून निराळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्या वेळी आजी-आजोबा नव्हते; पंगत मात्र होती. माझा तो बालमित्र आपल्या नातवाला घेऊन आला होता. आमरस वाढला तो त्याच्या सुनेने.

ज्ञातिसंघाचे उपकार मी विसरलेलो नाही. आपल्या अनेक मुलांचे शिक्षण संघाच्या साहाय्याने झाले आहे. आपली माणसे एकत्र येतात, यात गैर काही नाही. परंतु १ मे हा दिवस ज्ञातीचा नव्हे; तो साऱ्या मराठी माणसांचा आहे. त्या दिवशी आपल्या सभागृहात केवळ आपलीच पाने मांडली जातात, याचे मला वाईट वाटते. म्हणून माझी नम्र सूचना अशी, की पुढील वर्षापासून १ मेच्या भोजनास प्रत्येक कुटुंबाने शेजारचे एक कुटुंब, ज्ञात न विचारता, सोबत आणावे. कोणी उठून जाईल, तर जाईल. आमच्या घरून गेलेले ते तिघेही तिसऱ्या वर्षी परत आले आणि त्याच ओळीत बसून जेवले.

जय महाराष्ट्र!