घोट्यावरची न भरणारी जखम

विट्याच्या यंत्रमागावर पाळीभर उभा राहणारा विणकर, ईश्वरपूरच्या हॉटेलात भट्टीपुढचा आचारी आणि साताऱ्याच्या शाळेत फळ्यापुढचे गुरुजी, या तिघांत साम्य कोणते? तिघेही दिवसभर उभे असतात. पण चालतात मात्र थोडे.

पायातले रक्त हृदयाकडे वर चढवायचे काम मुख्यतः पोटरी करते. पाऊल उचलले, की पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलले जाते. ते मागे फिरू नये म्हणून शिरांत झडपा असतात. विहिरीवरच्या पंपाला फूटव्हॉल्व्ह असतो ना, तशा. त्या निकामी झाल्या, की रक्त तुंबते. शिरा फुगतात, संध्याकाळी पाय सुजतो, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडते. मग साधे खरचटणेही महिनोन्‌महिने भरत नाही.

हा दोष पुष्कळदा घराण्यातून येतो. वाढते वय, लठ्ठपणा, अनेक बाळंतपणे, खोल शिरेत पूर्वी धरलेली रक्ताची गाठ यांनी तो बळावतो. विडी-सिगारेट जखम भरू देत नाही.

आता आपण करतो काय? कुणी हळद-चुना भरतो, कुणी 'बाहेरचं' म्हणून अंगारा लावतो. जखमेला वास येतो म्हणून बायाबापड्या लग्नकार्य टाळतात, दुखणे लुगड्याआड लपवतात. मलमे बदलतात, जखम तशीच! वरचा पाट फुटलेला असताना खालचा चिखल पुसून काय उपयोग?

खरा उपाय म्हणजे पावलापासून गुडघ्याखालपर्यंत बांधायची दाबपट्टी. मात्र आधी डॉक्टरांकडून पावलाची नाडी तपासून घ्यावी. धमन्या अरुंद असतील तर घट्ट पट्टीने उलट अपाय होतो; मधुमेह्यांनी तर विशेष जपावे. बिघडलेली शीर आता शस्त्रक्रियेने किंवा लेसरने बंदही करता येते.

“विश्रांती घेतली तर चूल कशी पेटायची?” असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण पट्टी बांधून चालता येते; नव्हे, चालावेच! बसाल तेव्हा पाय वर घ्या. निजताना छातीहून उंच ठेवा. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले तर आडवे व्हा, पाय उंच धरा, स्वच्छ फडक्याने दाबा आणि दवाखाना गाठा. जखम भरल्यावरही दाबमोजे सोडू नका, नाहीतर ती पुन्हा उघडते.

गुरुजनहो, शिकवताना वर्गात फेरी मारा, अधूनमधून टाचा उचला. आणि पालकसभेत एवढे जरूर सांगा: घोट्यावरची जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती लपवायची नसते, दाखवायची असते.