पीठ नावाचं गाव

आज तुम्हाला एका लांबच्या गावाची गोष्ट सांगणार आहे. गाव ऑस्ट्रेलियातलं, नाव फरीना. लॅटिन भाषेत फरीना म्हणजे पीठ. इथं गहू मुबलक पिकेल, गिरण्या चालतील, या भरवशावर 1878 साली हे नाव ठेवलं. त्याआधी तिथल्या निलगिरीच्या मोठ्या झाडांवरून त्या जागेला ‘गव्हर्न्मेंट गम्स’ म्हणत.

दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याची राजधानी ॲडलेड. तिथून उत्तरेला सुमारे साडेसहाशे किलोमीटर गेलं की फरीना लागतं. बाजूला फ्लिंडर्सचे डोंगर, समोर नुसतं दगडगोट्यांचं माळरान. हा सगळा मुलूख मूळचा तिथल्या आदिवासींचा. डोंगरातल्या अद्न्यामथन्हा लोकांना कुठल्या झऱ्याला कधी पाणी असतं हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. गहू पेरायला आलेल्यांनी त्यांना काही विचारलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

पण गोऱ्या लोकांतही एकानं आधीच सावध केलं होतं. जॉर्ज गॉयडर हा सरकारी मोजणी खात्याचा प्रमुख. 1865 साली, मोठ्या दुष्काळात, तो घोड्यावरून हजारो किलोमीटर फिरला. दुष्काळ खरोखर कुठपर्यंत पोचलाय ते त्याला पाहायचं होतं, कारण मेंढपाळांना खंडात सूट द्यायची होती. पावसाच्या नोंदी फार नव्हत्या, म्हणून त्यानं झाडंझुडपं पाहिली. निलगिरीच्या जातीची मॅली नावाची बुटकी झाडं कुठं संपतात आणि खारट पानांची झुडपं कुठं सुरू होतात, हे पाहत त्यानं नकाशावर एक रेघ ओढली. आपल्याकडची जाणती बाई तरवड आणि कुसळ पाहून जमिनीचा अंदाज बांधते ना, तसंच हे. रेघेच्या दक्षिणेला पेरा, उत्तरेला मेंढरं चारा, पण नांगर घालू नका, असं त्याचं म्हणणं. पुढं पाऊस मोजला गेला तेव्हा रेघ वर्षाला अडीचशे ते तीनशे मिलिमीटर पावसाच्या आसपास बसली. आपल्या माणदेशात सरासरी पाचशेच्या आसपास पडतो, म्हणून तुम्हाला तीनशे फार कमी वाटेल. पण तिथं पाऊस थंडीत पडतो, ऊन कमी असतं, ओल टिकते, म्हणून तेवढ्यावर गहू येतो. फरीनाला मात्र दोनशेच्या आतच. आणि गाव रेघेच्या दोनशे किलोमीटरहून जास्त पलीकडे!

मग लोक तिथं गेले कसे? तर मधली काही वर्षं पाऊस चांगला झाला. 1872 च्या कायद्यानं उधारीवर शेतजमीन फक्त रेघेच्या आत मिळत होती. हिरवी रानं पाहून जमीन मागणाऱ्यांनी ओरड केली, गॉयडरची टिंगल झाली, आणि 1874 मध्ये सरकारनं ती अट काढून टाकली. त्या काळी एक समजूत जोरात होती, की नांगरामागोमाग पाऊस येतो. जमीन नांगरली, पीक उभं राहिलं, की ढग आपोआप वळतात म्हणे. दोन वर्षं विहिरीला पाणी राहिलं की आपल्याकडंही घरात ऊस लावायची बोलणी सुरू होतात, कर्जाचे कागद येतात आणि सही करायला बाईलाही बोलावतात. तेव्हा मागच्या दहा वर्षांचा पाऊस कुणी विचारतं का? मी तरी घराघरांत दोनच वर्षांचा हिशेब ऐकलाय.

1880 पासून पुन्हा ओळीनं कोरडी वर्षं आली. रेघेपलीकडचे किती तरी शेतकरी घरं टाकून मागं फिरले. त्यांच्या दगडी घरांच्या उघड्या भिंती अजून माळावर दिसतात.

फरीनाला पीठ कधी पिकलंच नाही. तरी गाव शंभरेक वर्षं टिकलं, ते रेल्वेमुळं. 1882 मध्ये लोहमार्ग इथवर आला. भरभराटीच्या दिवसांत सहाशेच्या आसपास वस्ती होती. दोन हॉटेलं, बँक, शाळा, चर्च, लोहारांची दुकानं आणि जमिनीखाली बांधलेली बेकरी. पीठ बाहेरून यायचं, पाव इथं भाजायचे.

रेल्वेच्या पुढं माल न्यायचे उंट. हे उंट आणि उंटवाले आले कुठून? आपल्या बाजूनं! 1866 च्या सुमारास कराची बंदरातून शंभरावर उंट आणि तीसेक माणसं तिकडं गेली, आणि तेव्हाचं कराची मुंबई इलाख्यात मोडायचं. पठाण, बलुची, सिंधी, पंजाबी, तिकडं सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. आत दूरवरच्या मेंढवाड्यांना पीठ, साखर, चहा यांनी पोचवला आणि येताना लोकरीचे गठ्ठे आणले. फरीनाच्या दफनभूमीत त्यांचाही एक कोपरा आहे. गावांच्या इतिहासात वाटा घालणाऱ्यांची नावं मोठी असतात, ओझं वाहणाऱ्यांची सापडत नाहीत.

1884 मध्ये रेल्वे आणखी पुढं, मरीपर्यंत गेली आणि मालाची चढउतार तिकडं सरकली. गाव हळूहळू रिकामं झालं. 1980 मध्ये उत्तरेकडची नवी लाइन दूर पश्चिमेकडून टाकली, मग उरलंसुरलं कामही संपलं. आज तिथं पडक्या भिंती आहेत, छप्पर नसलेलं हॉटेल आहे.

आणि बेकरी आहे. 2009 पासून स्वयंसेवक दर थंडीत काही आठवडे तिथं तळ ठोकतात, भिंती डागडुजी करून उभ्या ठेवतात. त्यात बरेच निवृत्त लोक आहेत. पायऱ्या उतरून जमिनीखालची ती जुनी भट्टी त्यांनी पुन्हा पेटवली. लाकडावर पाव भाजतात, वाटसरू धुळीचा रस्ता तुडवून येतात, रांगेत उभं राहून गरम पाव घेतात आणि त्या पैशातून पुढच्या भिंतीचं काम निघतं. पीठ अजूनही बाहेरूनच येतं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या भागात घरातल्या वडीलधाऱ्या बायका पावसाचा अंदाज कशावरून बांधायच्या, ते आम्हाला जरूर कळवा.