किल्ली कुणाच्या हातात?

(पोखर्णी येथे सहयोगी संस्थांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



पोखर्णीला लोक येतात ते नृसिंहाच्या दर्शनाला. आपण आलो आहोत एका रूक्ष वाटणाऱ्या कामासाठी. आपल्या चार संस्थांच्या कामाची नोंद आता एका सामायिक सॉफ्टवेअरमध्ये होते. बैठक कुठे झाली, कोणत्या बाईची केस कुठवर आली, वकिलांकडची तारीख कधीची, सगळं तिथं असतं. तिथं कुणाला प्रवेश द्यायचा आणि येणारी व्यक्ती तीच आहे हे कसं ओळखायचं, ते आज ठरवायचं आहे.

सकाळी एकीनं विचारलं, "हे कॉम्प्युटरवाल्या पोराचं काम, आपला काय संबंध?" मलाही पूर्वी असंच वाटायचं. समाजकार्याच्या परीक्षेत 'गोपनीयता' या विषयावर मी दोन पानं लिहिली होती. त्या शब्दाचा अर्थ मला एका बाईनं शिकवला.

तिचं नाव-गाव सांगणार नाही. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती मैत्रिणीकडे राहायला गेली होती. तो पत्ता मी सॉफ्टवेअरमध्ये लिहिला. आठवड्याच्या आत नवरा त्या दारात उभा! ती कामावर गेली होती म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर बसली आणि एवढंच म्हणाली, "ताई, म्या तर फक्त तुमालाच सांगितलं होतं."

पत्ता कुठून फुटला हे आम्ही शोधू लागलो. एका सहयोगी संस्थेतले पाच जण एकाच नावानं, एकाच पासवर्डनं आत जात होते. त्यातला एक जण काम सोडून गेला होता, तरी पासवर्ड तोच होता. नोंदीत दिसत होतं की त्या संस्थेच्या नावानं कुणीतरी तिची फाईल उघडली. कुणी, ते आजतागायत कळलेलं नाही. पाचही जण संशयात राहिले. त्यांतल्या दोघी माझ्या जिवलग मैत्रिणी होत्या.

म्हणून माझं पहिलं म्हणणं : लॉगिन संस्थेचं नसतं, माणसाचं असतं. "आपण सगळ्या बहिणी-बहिणी, मग कुलपं कशाला?" असं आपल्याकडे हमखास म्हटलं जातं. बचत गटाची पेटी आठवा. काही गटांत पेटीला तीन कुलपं असतात आणि तीन किल्ल्या तीन बायांकडे. तिथं कुणी कुणाला चोर समजत नाही. उद्या पैसा कमी भरला तर निर्दोष बाईवर आळ येऊ नये म्हणून ती सोय असते. स्वतःच्या नावाचं लॉगिन तसंच तुमचंही रक्षण करतं.

आता बाहेरच्या संस्थांचं. त्यांच्या माणसांना आपण ओळखत नाही. ज्या संस्थेची स्वतःची लॉगिनची व्यवस्था आहे, तिच्या माणसांना आपण नवा पासवर्ड द्यायचा नाही. ते आपल्या संस्थेच्याच लॉगिननं येतील आणि 'ही आमची कार्यकर्ती' अशी ग्वाही ती संस्था देईल. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर तहसील विश्वास ठेवते ना, तसंच. कार्यकर्ती तिथून गेली आणि संस्थेनं तिचं खातं बंद केलं, की आपल्याकडचं दारही तिला उघडत नाही. ज्या लहान संस्थेकडे अशी व्यवस्था नाही, तिच्या माणसाला आपण पाहुणा म्हणून वेगळं खातं द्यायचं, आणि ते बंद होण्याची तारीख देतानाच घालायची.

पण दाखला फक्त 'ही कोण' एवढंच सांगतो. 'हिनं काय पाहावं' हा वेगळा प्रश्न आहे आणि तो आपण ठरवायचा. निधी देणाऱ्यांना आकडे पुरेत. वकिलांना त्यांच्याकडच्या केसेस दिसाव्यात, इतर नाहीत. बाईचं खरं नाव आणि राहता पत्ता तर कामाच्या वेळापत्रकात नकोच. तिथं केसचा क्रमांक लिहा.

दुसरी गोष्ट ओटीपीची. पासवर्ड चोरीला गेला तरी दार उघडू नये म्हणून फोनवर येणारा आकडा मागतात. चांगली सोय आहे. पण फोन कुणाच्या हातात आहे? लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी मागितला गेला. एकट्या राहणाऱ्या, टाकलेल्या बायांनी तो कुणाकडे मागायचा? आपल्यातल्याही काहीजणींचा नंबर नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनमध्ये आहे. तिथं आकडा गेला, तर किल्ली घरच्या पुरुषाच्या हातात गेली.

त्यासाठी फोनमध्येच आकडा तयार करणारं अ‍ॅप वापरा. एकदा जोडून घेतलं की त्याला रेंज लागत नाही. दर तीस सेकंदांना आकडा बदलतो, फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. फोन हरवला तर उपयोगी पडणारे राखीव आकडे कागदावर उतरवून संस्थेच्या कपाटात कुलपात ठेवा. जिच्याकडे स्वतःचा फोन नाही, तिला कॉम्प्युटरला जोडायची छोटी सुरक्षा किल्ली संस्थेनं द्यावी. आणि आकडा कुणालाही सांगू नका. मी मागितला तरी नाही.

हे केवळ आपल्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. घरातला हिंसाचार ही 'खाजगी बाब' नाही असं आपण वर्षानुवर्षं ओरडून सांगत आलो. पण त्या बाईचा पत्ता, तिचं दुखणं, तिची कहाणी तिचीच आहे. ती कुणाला सांगायची हे तिनं ठरवायचं. या दोन गोष्टींत विरोध नाही.

तर आज जेवणाच्या आधी तीन कामं करू. प्रत्येकीचं स्वतंत्र लॉगिन. काम सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी कोण बंद करणार, तिचं नाव. आणि दर महिन्याच्या बैठकीत चालू खात्यांची यादी मोठ्यानं वाचायची. ज्या नावाला कुणी 'हो' म्हणणार नाही, ते तिथंच बंद.

ती बाई नंतर आमच्याकडे पुन्हा आली, पण नवा पत्ता तिनं मला सांगितला नाही. मी विचारलाही नाही. तो विश्वास परत मिळायला वेळ लागेल. दुसरी कुठली बाई तुमच्यासमोर बसून तेच वाक्य बोलू नये, एवढ्यासाठी मी आज इथे आले आहे.