संगणकाचे संकेत आणि दप्तराची चिंता



ग्रामपंचायतीचा अथवा शाळेचा संगणक सुरू होईनासा झाला, की सारे दप्तरच गेले अशी धास्ती वाटते. पुष्कळदा ती अनाठायी असते.

कळ दाबताच संगणक प्रथम स्वतःची तपासणी करतो. पडदा उजळण्यापूर्वीच दोष आढळला, तर तो ध्वनीनेच कळवावा लागतो. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये एक आखूड बीप म्हणजे सर्व ठीक. एक दीर्घ व दोन आखूड म्हणजे पडद्याच्या कार्डात दोष, असा संकेत होता. हे संकेत उत्पादकागणिक बदलतात. म्हणून बीप मोजून माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावेत. अनेक नव्या मदरबोर्डांवर ‘सीपीयू’, ‘डीरॅम’, ‘व्हीजीए’ व ‘बूट’ असे दिवे असतात. जो तेवत राहील, तेथून शोध सुरू करावा. एकही दिवा लागत नसेल, तर आधी वीजपुरवठा तपासावा.

‘डीरॅम’चा दिवा तात्पुरत्या स्मृतीचा. तिची पट्टी सैल झाली असल्यास वीज तोडून ती नीट बसविल्यानेही काम भागते. दप्तर तेथे नसते. ते डिस्कवर असते. ‘बूट’चा दिवा मात्र डिस्कचा दोषही सुचवितो.

तेव्हा दुरुस्तीसाठी माणूस येण्यापूर्वी संकेत लिहून ठेवावा, कारण कळल्याविना डिस्क पुसू देऊ नये आणि दप्तराची एक प्रत सदैव अन्यत्र जपावी.