दौलताबादचा न पाहिलेला कोट

दौलताबादला आलेला माणूस तिकीट काढतो, चांदमिनार बघतो, अंधारीतून चाचपडत वर जातो आणि खाली येऊन पेरू खातो. मीही अनेकदा हेच केले आहे. या हिवाळ्यात मात्र डोंगर बाजूला ठेवला आणि सकाळी गावाचा कोट धरून चालायला लागलो.

इथे एकात एक तीन कोट आहेत. बालेकिल्ल्याजवळचा काळाकोट, त्याबाहेर महाकोट आणि सर्वांत बाहेर, सारे शहर पोटात घेणारा अंबरकोट. वेरूळचा रस्ता या अंबरकोटाच्या दिल्ली दरवाजातूनच जातो. उंटा-घोड्यांसाठी बांधलेल्या त्या कमानीखाली मी गेलो तेव्हा एक ट्रक आणि एक एसटी समोरासमोर उभ्या होत्या, आणि दोघांपैकी कोणीही मागे यायला तयार नव्हते. कमानीचे दगड किती घासले गेलेत, ते पायी गेल्याशिवाय दिसत नाही.

दरवाजा सोडला की भिंत सीताफळीच्या झुडपांत शिरते. कुठे पुरुषभर उंच, कुठे नुसता दगडांचा ढीग. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली. पुढे इब्न बतूता आला. शहराचे तीन भाग असल्याचे तो लिहितो : सुलतानाचा आणि लष्कराचा एक, कटक नावाचा दुसरा, आणि तिसरा देवगिरीचा किल्ला. तिथल्या कोठडीतले उंदीर मांजरांहून मोठे, असेही त्याने लिहून ठेवले आहे! त्या गजबजलेल्या वस्तीच्या जागी आज बरेचसे रान आहे.

ही भिंत नुसती वयाने पडलेली नाही. १६३३ च्या वेढ्यात महाबतखानाच्या मोगली फौजेने अंबरकोटाखाली सुरुंग लावला, खिंडार पाडले आणि आत घुसली. पुढे महाकोटाचीही तीच गत झाली. शेवटी मलिक अंबरचा मुलगा फतेखान याने किल्ला स्वाधीन केला. डोंगराचा तासलेला कडा कोणाला चढून जाता आला नाही. पण खालचे शहर गेले, धान्य संपले, मग वरचा कडा काय कामाचा?

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की डोंगराइतकाच हा कोटही किल्ला आहे. डोंगर आपल्या बळावर उभा राहील. भिंतीला तसे नाही; तिचा एक दगड निखळला की शेजारचा सैल होतो, सांध्यात पिंपळ रुजतो, आणि पुढचे काम पाऊस करतो. जाणार असाल तर पाण्याची बाटली आणि जाड तळाचे बूट घ्या. काटे फार आहेत.