ब्रेव्ह आणि करेजियस



ब्रेव्ह आणि करेजियस.
इंग्रजीत दोन्ही शब्द शूरांसाठीच.
तरी छटा वेगळी.

साल १९७४. सिंगापूर.
सशस्त्र हल्लेखोरांनी 'लाजू' ही फेरीबोट पळवली. खलाशी ओलीस धरले.
दोन खलाशांनी समुद्रात उडी टाकली आणि ते निसटले.
क्षणात धोक्याला भिडणं, हे ब्रेव्ह.

मग पाया लेबार विमानतळ.
उरलेल्या ओलिसांच्या सुटकेसाठी सिंगापूरचे सरकारी अधिकारी एस. आर. नाथन आणि त्यांचे सहकारी हल्लेखोरांसोबत कुवेतला जाणाऱ्या विमानात बसले.
विचार करायला वेळ होता. माघार घ्यायलाही.
तरी ते गेले!
भय पुरतं ओळखून पाऊल टाकणं, हे करेजियस. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं हृदय आहे.

पुन्हा ऐका. झटक्यातली झेप ब्रेव्ह, जाणतेपणी पत्करलेला धोका करेजियस.

नाथन सुखरूप परतले. पुढे ते सिंगापूरचे राष्ट्राध्यक्ष झाले.