गिटारच्या पेडलमधील घरघर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त न्यू टाउन येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर नाट्यसंगीत सोडून गिटारच्या पेडलमधील घरघर हा विषय आम्ही का घ्यावा, असे काही ज्येष्ठांना वाटेल. परंतु न्यू टाउनमधील मराठी घरांत आज बाजाच्या पेटीशेजारी विजेची गिटारही दिसते. ज्या कलकत्त्यात १९७५ साली ‘मोहिनेर घोडागुली’ हा बंगाली रॉकमधील आद्य गटांपैकी एक गट उभा राहिला, त्या शहरात वाढणाऱ्या मुलांना या वाद्याची ओढ लागावी यात नवल नाही. त्यांतील हौशी मुले चांदनी चौकच्या बाजारातून सुटे भाग आणून गिटारचा आवाज पालटणारी पेडले घरीच जुळवितात. पेडल चालते, पण गाणे सुरू होण्याआधीच त्यातून घूंऽऽ असा आवाज निघू लागतो.

आम्ही पदवीने कला शाखेचे आणि पेशाने सरकारी फायली हाताळणारे. तथापि प्रकरण कोठे अडले आहे हे कळल्याखेरीज त्यावर शेरा मारू नये, हा कचेरीतील नियम येथेही तंतोतंत लागू पडतो.

प्रथम या घरघरीचे कूळ पाहू. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० वेळा पूर्ण आंदोलन करते. पेडलला मात्र ९ व्होल्टचा, एकाच दिशेने वाहणारा संथ प्रवाह लागतो. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवितो, चार डायोड प्रवाहाला एका दिशेस वळवितात, आणि तसे करताना ५० आंदोलनांचे १०० उमाळे होतात. हे उमाळे पेडलमध्ये शिरले की तेथील वर्धक त्यांनाही गिटारच्या सुराइतक्याच निष्ठेने मोठे करतो. तंबोरा गायकाच्या पट्टीत लावला जातो. ही घरघर आपलीच पट्टी गायकावर लादते.

कंडेन्सरचे काम पाण्याच्या टाकीसारखे. नळाला पाणी थांबून थांबून आले तरी टाकीतून धार अखंड मिळावी, तसे. पेडलांना मिळून २० मिलिअँपिअर प्रवाह लागत असेल आणि कंडेन्सर १००० मायक्रोफॅरडचा असेल, तर सुमारे ०.२ व्होल्टचा चढउतार शिल्लक राहतो. कंडेन्सर दुप्पट केला तर तो निम्मा होईल. नाहीसा होणार नाही. म्हणून पुढे ७८०९ हा रेग्युलेटर बसवावा. तो उरलेला चढउतार हजारांश किंवा त्याहूनही कमी करतो. अट एकच: त्याच्याकडे येणारा दाब उमाळ्याच्या तळाशीही ११ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. डायोडांकडून येणाऱ्या दोन्ही तारा थेट कंडेन्सरच्या टोकांवर आणाव्यात आणि पुढील तारा तेथूनच काढाव्यात. नाहीतर उमाळ्यांचा प्रवाह सुराच्या वाटेने परततो आणि उत्तम कंडेन्सरही व्यर्थ ठरतो.

परंतु हे सारे करण्यापूर्वी एक स्वस्त परीक्षा आहे. पेडलला ९ व्होल्टची बॅटरी लावून पाहावी. घरघर थांबली तर दोष वीजपुरवठ्याचा. ती तशीच राहिली तर कंडेन्सरवर पैसे घालविण्यात अर्थ नाही. मग गिटार हातात धरून सावकाश फिरवावी. दिशेबरोबर आवाज कमी-जास्त झाला, तर गिटारचे पिकअपच आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र पकडत आहे असे समजावे. या दोषावरच १९५५ साली गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी उपाय शोधला: परस्परविरुद्ध जोडलेली दोन वेटोळी, ज्यांत सूर एकवटतो आणि घरघर एकमेकींना छेदते. आपल्याला तूर्त ट्रान्सफॉर्मर दूर सारला आणि पेडल धातूच्या डबीत बसवून ती डबी सर्किटच्या ऋण तारेस जोडली, तरी पुष्कळ फरक पडतो. आवाज घरघरीऐवजी बारीक शिट्टीसारखा असेल, तर हल्लीच्या हलक्या अडॅप्टरवर संशय घ्यावा.

आता ज्यासाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो ते सांगतो. अँप्लिफायर एका सॉकेटवर, ध्वनिमुद्रणाचा संगणक दुसऱ्यावर, आणि दोहोंना जोडणारी केबल, अशी मांडणी झाली की अर्थिंगच्या तारांचे एक वर्तुळ पुरे होते आणि त्यातूनही घरघर उठते. अशा वेळी कोणी जाणता सल्ला देतो: ‘प्लगची जाडी पिन काढून टाक.’ आवाज खरोखरच थांबतो. पण ती पिन आवाजासाठी बसविलेली नसून जिवासाठी बसविलेली आहे. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या गटाचा गिटारवादक लेस हार्वी रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने मरण पावला. त्याने हात लावलेल्या मायक्रोफोनला अर्थिंग नीट नव्हते. आपल्याकडे पावसाळ्यात भिंती ओलावतात, मुले अनवाणी फरशीवर उभी राहून वाजवितात, आणि त्यांची बोटे धातूच्या तारांवर असतात. शांततेची ही किंमत कोणत्याही आईबापांना परवडणारी नाही.

वर्तुळ तोडायचेच तर ते सुराच्या केबलमध्ये, विलग करणारा ट्रान्सफॉर्मर घालून तोडावे. अँप्लिफायर आणि संगणक एकाच चांगल्या बोर्डावर घ्यावेत. घरातील अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी नसल्यास बसवून घ्यावे. मुलांनी २३० व्होल्टच्या बाजूस हात न घालता आयएसआय किंवा बीआयएसची खूण असलेला बंद अडॅप्टर घ्यावा. कारागिरी त्याच्या पुढील ९ व्होल्टमध्ये दाखवावी. तेथे वाव कमी नाही.

पालकांना आमची विनंती एवढीच की, ही खटपट म्हणजे अभ्यासातील व्यत्यय असे समजू नये. दोष कोठे आहे हे शोधून मग उपाय करण्याची सवय लागणे, हेही शिक्षणच होय. पुढील गणेशोत्सवात या मुलांना व्यासपीठ द्यावे आणि त्याआधी व्यासपीठाचे अर्थिंग कार्यकारिणीने जातीने पाहावे.